‘सायटेड बाय’वर क्लिक करा: गूगल स्कॉलर वापरताना बारा वर्षं

किंमत: शून्य. वापर: बारा वर्षं, आठवड्यातून निदान चार दिवस. वापरणारी: हिंगणा रोडवरच्या एका खासगी अभियांत्रिकी कॉलेजात कॉम्प्युटर नेटवर्क्स शिकवणारी मी.

दरवर्षी मे महिन्यात एम.टेक.ची मुलं प्रबंधाचा विषय ठरवायला लॅबमध्ये जमतात. बाहेर पंचेचाळीस-सेहेचाळीसचा पारा आणि आत कूलरचा असा आवाज की शेवटच्या बाकासाठी ओरडून बोलावं लागतं. अशा दुपारी मी प्रोजेक्टरवर सगळ्यात आधी एकच पान उघडते. शोधनिबंध शोधून देणाऱ्या गूगल स्कॉलरवरचं हरी बालकृष्णन यांचं पान. एमआयटीत प्राध्यापक. आयआयटी मद्रासमधून १९९३ साली बी.टेक., बर्कलीहून १९९८ साली पीएच.डी., २०२० चा इन्फोसिस पुरस्कार, २०२३ चा मार्कोनी पुरस्कार. हे सगळं मुलं शांतपणे ऐकून घेतात. मग मी सांगते की वाढले मुंबईत आणि चेन्नईत, पण जन्म आपल्या नागपूरचा. तेव्हा मात्र कूलरजवळची मुलंसुद्धा मान वर करतात.

त्यानंतर सगळ्यांचे डोळे जातात ते उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीकडे. तिथे तीन आकडे असतात: एकूण सायटेशन्स (म्हणजे इतरांच्या लेखांत झालेले आपल्या लेखांचे उल्लेख), एच-इंडेक्स आणि आय-टेन-इंडेक्स. खाली वर्षावार उभे पट्टे. यंदा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, यांचा एच-इंडेक्स पाहा ना! आपल्या अख्ख्या डिपार्टमेंटचा जोडला तरी पुरत नाही.” मी त्याला फळ्याकडे बोलावलं. एच-इंडेक्सची बेरीज होतच नाही, हे त्याला स्वतःच्या हातानं काढून पाहायला लावलं.

समजा, एका माणसाचे पाच लेख आहेत आणि त्यांना अनुक्रमे ४०, १२, ६, ३ आणि १ सायटेशन आहे. एच म्हणजे असा सगळ्यात मोठा आकडा, की तितक्या लेखांना प्रत्येकी निदान तितकी सायटेशन्स आहेत. इथे तिसऱ्या लेखाला सहा आहेत, म्हणजे तीन जमले. चौथ्याला तीनच आहेत, म्हणजे चार जमत नाहीत. एच तीन. दहा किंवा त्याहून जास्त सायटेशन्स असलेले लेख दोन, म्हणून आय-टेन दोन. आता पहिल्या लेखाची ४० सायटेशन्स वाढून ४,००० झाली, जगानं तो डोक्यावर घेतला, तरी एच तीनच राहतो. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली हे माप सुचवलं, आय-टेन गूगलनं २०११ मध्ये स्वतः जोडलं. माप सोपं आहे, म्हणूनच ते सगळीकडे पोचलं. सोपं आहे म्हणूनच त्यातून पुष्कळ निसटतं.

ही सेवा मला का आवडते ते सांगायचं तर आधी माझ्या सासऱ्यांबद्दल सांगावं लागेल. बाबा नागपूर खंडपीठात चाळीस वर्षं वकिली करत होते. आमच्या घरी भिंतभर ऑल इंडिया रिपोर्टरचे खंड आहेत. देशभरच्या कोर्टांचे निकाल छापणारं हे प्रकाशन नागपूरचंच आहे, हे बाहेरच्या पुष्कळांना माहीत नसतं. बाबा एखाद्या निकालाचा आधार घेण्याआधी एक गोष्ट हटकून करायचे: नंतरच्या कुठल्या कोर्टानं तो निकाल मान्य केला, कुठे ‘इथे लागू नाही’ म्हणून वेगळा काढला, कुठे उलटवला, ते शोधायचे. “निकाल वाचून अर्धंच काम होतं,” म्हणायचे, “त्याचं पुढे काय झालं ते पाहायचं.”

पीएच.डी.च्या काळात मला कळलं की विज्ञानातलं सायटेशन मोजणं निघालं ते याच सवयीतून. अमेरिकेतल्या वकिलांकडे ‘शेपर्ड्स’ नावाची अशीच सूची होती. युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये लेख लिहून विज्ञानासाठी तशी सूची सुचवली, आणि १९६४ पासून ती प्रत्यक्ष छापली जाऊ लागली. जुन्या लेखावर नंतर कोणी टीका केली असेल तर ती वाचकाला कळावी आणि चुकीची माहिती डोळे मिटून पुढे जाऊ नये, हा त्या लेखातला एक मुख्य हेतू होता. नोकरी, बढती, क्रमवारी हे सगळं नंतर येऊन चिकटलं.

गूगल स्कॉलर सुरू झालं नोव्हेंबर २००४ मध्ये. अनुराग आचार्य आणि अ‍ॅलेक्स वेर्स्टाक या दोघांनी ते उभं केलं. आचार्य आयआयटी खरगपूरचे. प्रत्येक लेखाखाली ‘सायटेड बाय’ अशी बारीक ओळ असते आणि तिच्यापुढे आकडा. बाबांचं भिंतभर कपाट माझ्यासाठी त्या एका ओळीत आलं आहे. आकडा वाचून पुढे जाणारे तिच्यावर क्लिकच करत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

क्लिक केल्यावर काय होतं, ते वर्गात एका उदाहरणानं दाखवते. व्हॅन जेकबसन यांचा १९८८ चा लेख, ‘कन्जेशन अव्हॉइडन्स अँड कंट्रोल’. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधल्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ किलोबिटवरून थेट ४० बिटवर कोसळला. अंतर ४०० यार्ड, म्हणजे आमच्या बर्डी बाजाराच्या गर्दीतसुद्धा पाच-सात मिनिटांत चालून होईल एवढं. जेकबसन यांनी कारण शोधलं आणि पाठवणाऱ्या यंत्राला शिस्त लावली: पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, हरवलं की वाटेत गर्दी आहे असं समज आणि वेग कमी कर. आज तुमच्या-माझ्या फोनमध्येही त्याच विचारातून पुढे वाढलेली पद्धत आहे. तारेच्या जाळ्यात हे गृहीतक चालून जातं, कारण तारेवर पॅकेट बिघडून हरवणं फार विरळा.

आता त्या लेखाच्या ‘सायटेड बाय’वर क्लिक करायचं. हजारो लेख येतात. वर एक छोटी चौकट असते, ‘सर्च विदिन सायटिंग आर्टिकल्स’. तिच्यावर खूण करून ‘वायरलेस’ टाकायचं, १९९५ ते १९९७ अशी वर्षं निवडायची. समोर येतात बालकृष्णन आणि त्यांच्या बर्कलीच्या सहकाऱ्यांचे लेख. त्यांचं म्हणणं असं: हवेतून जाताना पॅकेट गर्दीमुळेच हरवतं असं नाही, ते खराब सिग्नलमुळेही हरवतं. जेकबसन यांची शिस्त ज्यात बसवली आहे त्या टीसीपी या पाठवणीच्या नियमावलीला हा फरक कळत नाही आणि ते विनाकारण वेग पाडतं. म्हणून टॉवरजवळच्या स्टेशननंच पॅकेटची प्रत जवळ ठेवावी, हरवलं तर तिथूनच पुन्हा पाठवावं, पाठवणाऱ्यापर्यंत बोंब जाऊच देऊ नये. १९८८ च्या निकालाला १९९५ च्या कोर्टानं कुठे वेगळं काढलं, ते मुलांना पाच मिनिटांत दिसलं. पाठ्यपुस्तकात ही दोन प्रकरणं शंभर पानांच्या अंतरानं येतात आणि त्यांचं नातं परीक्षेपर्यंत कोणाला लागत नाही.

मुलं मात्र पुन्हा बालकृष्णन यांच्या पानावरच्या यादीच्या वरच्या टोकाकडे वळतात. तिथे ‘कॉर्ड’ आहे, २००१ चा. हजारो संगणकांच्या जाळ्यात कोणताही मध्यवर्ती यजमान नसताना हवी ती वस्तू कोणाकडे आहे ते थोड्या उड्यांत कसं शोधावं, त्याचा हा लेख. आणि तिथेच ‘लीच’ आहे, २००० चा. दोन्हींची सायटेशन्स प्रत्येकी १०,००० च्या वर. लीचच्या पहिल्या लेखिका वेंडी हाइन्झेलमन, त्या वेळी एमआयटीच्या विद्यार्थिनी; मग अनंत चंद्रकासन; बालकृष्णन तिसरे. आकड्यांच्या चौकटीत पहिला कोण, तिसरा कोण, हा फरक नाही. तिघांच्या पानांवर तो लेख तेवढाच मोजला जातो.

लीचबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण विदर्भातल्या कुठल्याही अभियांत्रिकी कॉलेजाच्या लायब्ररीत गेलात तर एम.टेक.च्या काळ्या बाइंडिंगच्या प्रबंधांत हे नाव सापडल्याशिवाय राहायचं नाही. कल्पना सुंदर आहे. शेतात शंभर सेन्सर पसरलेत, प्रत्येकाला छोटी बॅटरी. प्रत्येकानं लांबच्या स्टेशनला थेट संदेश पाठवला तर बॅटऱ्या लगेच संपतात. म्हणून गट करायचे, गटाचा एक प्रमुख बाकीच्यांची माहिती गोळा करून, आटवून पुढे पाठवणार. पण प्रमुखावर ताण येतो, म्हणून प्रत्येक फेरीत प्रमुख बदलायचा. आमच्या कॉलनीतल्या भिशीसारखं: फराळाचा खर्च दर महिन्याला वेगळ्या घरावर. नेहमीच्या पद्धतींच्या तुलनेत ऊर्जेचा खर्च आठपटीपर्यंत कमी होऊ शकतो, असं मूळ लेखात दाखवलं आहे.

याच्या ‘सायटेड बाय’वर क्लिक केलं की आपलंच चित्र दिसतं. सुधारित लीच, वर्धित लीच, फझी लीच, मुंग्यांच्या पद्धतीचं लीच. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये शंभर ठिपके टाकायचे, प्रमुख निवडायच्या सूत्रात एक पद वाढवायचं, आलेख काढायचा, आपली रेघ वर दाखवायची. खऱ्या मातीत एकही सेन्सर पुरलेला नसतो. हे लिहिताना मला त्रास होतो, कारण यांतले काही प्रबंध माझ्याच हाताखाली झालेत. मुलगा हुशार असतो, हातात सहा महिने असतात, हार्डवेअरला पैसे नसतात. पण त्या १०,००० च्या ढिगाऱ्यात प्रत्यक्ष शेतात, जंगलात, पुलावर यंत्र लावून ‘लीचचं हे गृहीतक इथे टिकलं नाही’ असं सांगणारेही लेख आहेत. शोधचौकटीत ‘टेस्टबेड’, ‘डिप्लॉयमेंट’ असे शब्द टाकले की ते वर येतात. मुलांकडून मी तेच वाचून घेते.

सेवेची दुसरी मोठी गोष्ट म्हणजे उजव्या बाजूला दिसणारा पीडीएफचा दुवा. १ जानेवारी २०२५ पासून केंद्राची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली, सुमारे १३,००० नियतकालिकं तिच्यात आहेत. पण ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी. आमच्यासारख्या खासगी कॉलेजातल्या मुलांना लेखकानं स्वतःच्या पानावर ठेवलेली प्रत हाच आधार, आणि ‘ऑल व्हर्जन्स’वर क्लिक केलं की ती बहुतेक वेळा सापडते. नेटवर्किंगमधली मोठी माणसं आपले लेख स्वतःच्या पानावर ठेवतात, ही या क्षेत्राची फार चांगली रीत आहे.

आता जिथे सांभाळून राहावं लागतं ते.

स्कॉलरवर स्वतःचं पान उघडताना एक प्रश्न येतो: नवे लेख आपोआप जोडायचे की आधी ईमेलनं विचारायचं? नेहमी दुसरा पर्याय निवडा. आपल्याकडे आडनावं मोजकी, त्यात आद्याक्षर एकच. आपोआपचा पर्याय ठेवला तर दुसऱ्या कोणाचे मातीपरीक्षणावरचे किंवा दंतवैद्यकावरचे लेखही आपल्या नावावर येऊन बसू शकतात. आणि ज्या बायकांचे लेख लग्नाआधीच्या आणि नंतरच्या अशा दोन नावांनी आहेत, त्यांनी दोन्ही नावांनी शोधून ते हातानं एकत्र आणावेत. माझे पहिले तीन लेख माहेरच्या नावानं आहेत. ते एका पानावर आले त्या दिवशी मला जरा हायसं वाटलं. डीबीएलपी ही संगणकशास्त्राची जर्मनीतली सूची या बाबतीत जास्त काटेकोर आहे. एकाच नावाच्या माणसांना ती ०००१, ०००२ असे क्रमांक देऊन वेगळं ठेवते. ओर्किडचा, म्हणजे प्रत्येक संशोधकाला मिळणाऱ्या स्वतंत्र ओळखीचा, सोळा अंकी क्रमांकही काढून ठेवा.

स्कॉलर काय मोजतं? जवळजवळ सगळंच. परिषदेतला लेख, प्रबंध, छापण्याआधीची प्रत, तांत्रिक अहवाल. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन्सही त्यातच. स्कोपस ही दुसरी सायटेशन-सूची, ते ती वगळून दाखवू शकतं, पण त्याला वर्गणी लागते. नेटवर्किंगमध्ये उत्तम काम नियतकालिकांपेक्षा सिगकॉम, मोबिकॉम, एनएसडीआय अशा परिषदांत येतं, त्यामुळे सगळं सामावून घेणारं स्कॉलर आम्हाला जवळचं वाटतं. त्याच उदारपणामुळे ते फसवताही येतं, हे सिद्ध झालेलं आहे. २०१० मध्ये ग्रेनोबलच्या सिरिल लाबे यांनी ‘आइक अंतकारे’ नावाचा अस्तित्वातच नसलेला संशोधक तयार केला. संगणकानं रचलेले शंभरेक निरर्थक लेख एकमेकांना सायटेशन देत नेटवर ठेवले आणि त्या नसलेल्या माणसाचा एच-इंडेक्स ९४ पर्यंत नेला. लेख रचणारा तो प्रोग्रॅम, साय-जेन, २००५ मध्ये एमआयटीच्याच तीन विद्यार्थ्यांनी लिहिला होता, काहीही छापणाऱ्या परिषदांचं पितळ उघडं पाडायला.

आपल्याकडे यासाठी प्रोग्रॅमही लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप पुरतो. ‘तुम्ही माझे तीन घ्या, मी तुमचे तीन घेतो’ असा निरोप मला आलेला आहे, शिकलेल्या, वयानं मोठ्या माणसाकडून. एका नियतकालिकानं तर लेख स्वीकारताना आपल्याच जुन्या अंकांतले पाच संदर्भ जोडायची अट घातली. मी लेख परत घेतला. तेव्हा माझी बढतीची फाइल अडलेली होती आणि त्या फाइलला हवा होता स्कॉलरच्या त्या उजव्या चौकटीचा रंगीत स्क्रीनशॉट, सही-शिक्क्यासह. लेख कोणी मागितला नाही. बारा वर्षांत एकाही समितीनं मला “तुमच्या लेखाचं पुढे काय झालं?” असं विचारलेलं नाही. हा दोष मी स्कॉलरच्या खात्यात टाकत नाही. पण ती चौकट पानावर एवढी ठळक आणि ‘सायटेड बाय’ एवढं बारीक, ही मांडणी मला पटत नाही, आणि म्हणून पाचपैकी एक तारा कमी.

शिवाय कोणी का उल्लेख केला, स्तुतीसाठी, वापरासाठी की खोडून काढण्यासाठी, हे स्कॉलर सांगत नाही. सिमॅन्टिक स्कॉलर ही दुसरी मोफत सेवा ते थोडंफार सांगते: पार्श्वभूमी म्हणून उल्लेख आहे की पद्धत वापरली आहे, आणि मूळ वाक्यही दाखवते. मी दोन्ही शेजारी-शेजारी उघडी ठेवते. शोधायला स्कॉलर, वाचायला सिमॅन्टिक.

माझ्या स्वतःच्या पानावर सांगण्यासारखं एकच आहे. २०१३ मध्ये काटोलजवळ मामांच्या संत्र्याच्या बागेत आम्ही बारा सेन्सर पुरले होते. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात पाणी तोडून बागेला ताण देतात. तो नेमका किती बसला ते मातीतल्या ओलाव्यावरून कळावं, हा विचार. मामा म्हणाले होते, “पोरी, झाड सांगते ताण बसला का नाही, तुह्या डबीले काय समजते?” ते बरोबर होते. ताणात काळी माती भेगाळली, सेन्सरच्या दांड्यांचा मातीशी संबंध सुटला आणि आकडे भलतेच येऊ लागले. फवारणीनंतर ओल्या पानोळ्यातून रेडिओचा पल्लाही घसरला. आम्ही लेखात दोन्ही गोष्टी तक्त्यासह प्रामाणिकपणे लिहिल्या. एका छोट्या परिषदेत लेख छापून आला. चौदा सायटेशन्स. बहुतेक ठिकाणी आठ-दहा लेखांच्या जुडीत आमचा क्रमांक, एवढंच.

मागच्या वर्षी स्कॉलरच्या अलर्टनं पंधरावं आणलं. ब्राझीलमधला पोर्तुगीज भाषेतला प्रबंध, संत्र्याच्या बागेतल्या सेन्सर जाळ्यावर. स्कोपसमध्ये तो नाही. मी पीडीएफ उघडून आमचं नाव शोधलं. त्या मुलीनं आमचा पल्ल्याचा तक्ता अख्खा घेतला होता, स्वतःच्या बागेतले आकडे शेजारच्या रकान्यात मांडले होते, आणि त्यावरून सेन्सर पानोळ्याच्या वर लावायचं ठरवलं होतं.

ते पान छापून मी काटोलला नेलं. मामांनी चष्मा लावून दोन्ही रकाने निरखून पाहिले, परदेशी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “त्यायच्याकडे ताण किती दिवस देतात?”

मला सांगता आलं नाही. प्रबंधात सिंचनावरचं एक प्रकरण आहे, चाळीस पानांचं. पोर्तुगीज येणारं कोणी नागपुरात मिळतं का ते शोधते आहे, डिसेंबरात मामांची बाग ताणावर जायच्या आत.